दांड्यातले म्हातारे तारे

कुलसुमबी हैदराबादहून परंड्याला परत आली तेव्हा तिच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त होती, आणि सगळ्यांत वर, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये दोऱ्यानं बांधलेला एक फोटो होता. बी.एस्सी. झाल्यावर ती तिथल्या वेधशाळेत कामाला लागली होती. दुर्बिणीतून घेतलेल्या काचेच्या प्लेटा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि त्यांवरच्या एकेका ताऱ्याचा काळा ठिपका नेमका कुठं आहे ते मोजून काढायचं, असं ते काम. दुसऱ्या कुणाला त्यात वेड लागलं असतं, पण तिचा त्यात जीव रमला होता. तेवढ्यात इकडं अब्बांची नजर गेली. महेबूबसाहेब निजामाच्या राज्यात तहसिलीत कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर नोकरी गेली, आणि त्या सालाबद्दल ते घरात कधी एक अक्षर बोलले नाहीत. अम्मी तर आधीच गेलेली. अब्बांना बघायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कुलसुमबी परतली आणि गावातल्या नव्या हायस्कुलात विज्ञान शिकवू लागली. नवं मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील.

तिचं सगळं शिक्षण उर्दूतून आणि पुढं इंग्रजीतून झालेलं, आणि इथं शिकवायचं मराठीतून. शब्द अडला की ती सरळ वर्गालाच विचारायची. तो फोटो तिनं नववीच्या वर्गात पहिल्यांदा दाखवला तेव्हाही असंच झालं.

"हे एक तारकाविश्व आहे," ती म्हणाली. "आपल्या आकाशगंगेसारखंच, पण फार लांबचं. यमुना नावाचा तारकासमूह आहे ना, त्या दिशेला. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ह्याच्यात अब्जावधी तारे आहेत. आता सांगा, ह्याचा आकार कसा दिसतो?"

फोटोच्या मधोमध एक आडवा उजेडाचा पट्टा होता, आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून दोन वाकडे पट्टे उलट्या दिशांनी सुटले होते.

"बाई, मधी दांडा हाय," द्वारका नावाची मुलगी म्हणाली. "आन् त्याच्या दोन्ही टोकास्नी कुणी गोफण फिरवल्यागत दिसतंय."

कुलसुमबीला हसू आलं. पुस्तकात दंडयुक्त सर्पिल असा शब्द होता. पण त्या दिवसापासून नववीत त्याला सगळे दांडा आणि गोफणी असंच म्हणू लागले.

मग तिनं समजावून सांगितलं. फोटो काळा-पांढरा आहे, पण शास्त्रज्ञ एकाच तारकाविश्वाच्या दोन प्लेटा घेतात, एक निळ्या उजेडातली आणि एक तांबड्या उजेडातली. निळ्या प्लेटेत गोफणी उठून दिसतात, कारण तिथं कोवळे तारे आहेत, फार तापलेले, निळे. वायू आणि धूळ तिथंच जास्त, त्यामुळं नवे तारे तिथंच जन्मतात. तांबड्या प्लेटेत मात्र दांडा उजळतो. तिथले तारे म्हातारे, पिवळसर, तांबूस. दांड्यात नवा जन्म जवळजवळ नाहीच. दांड्याच्या अंगानं दोन काळ्या रेघा जातात, त्या धुळीच्या. आणि सगळ्याच्या भोवती, दूरदूर, म्हाताऱ्या ताऱ्यांचे गोल गुच्छ विखुरलेले.

"बाई, म्हणजे चमकतात ते कोवळे, आन् सगळा भार म्हाताऱ्यांवर?" द्वारकानं विचारलं.

"अगदी तसंच," कुलसुमबी म्हणाली, आणि त्या दिवशी ती घरी फार खुशीत गेली.

हे सगळं दारातून ऐकत उभे होते चित्रकलेचे गुंडप्पा सर. उमरग्याकडचे, तिशीतले, सडपातळ, बोलताना कानडी हेल यायचा. त्यांची नेमणूक तात्पुरती होती, दरवर्षी उन्हाळ्यात त्यांना पुन्हा नेमायचं की नाही ते संस्था ठरवायची. तास संपल्यावर ते म्हणाले, "बाई, धाराशिवला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन आहे म्हणतात. आपण हे करू या का? मोठ्या फळीवर. रंगानं नाही, धान्यानं करू. प्रत्येक दाणा एक तारा."

कुलसुमबीला ती कल्पना इतकी आवडली की ती जागेवरच हो म्हणाली.

त्यानंतर शाळा सुटली की दोघं आणि नववीच्या मुली चित्रकलेच्या खोलीत बसू लागली. गुंडप्पांनी प्लायवुडची भली मोठी फळी मिळवली आणि ती काळ्या रंगानं रंगवली. मुलींनी घरून जोंधळा आणला. तो कपड्याच्या निळीत भिजवून सावलीत वाळवला. ते झाले गोफणींमधले कोवळे तारे. दांड्यासाठी तुरीची डाळ आणि मसूर. गोफणींवर मध्ये मध्ये, जिथं तारे जन्मतात तिथं, गुलाबी रंगवलेला साबुदाणा. धुळीच्या रेघांना कोळशाची पूड. आणि बाहेरच्या गोल गुच्छांना राजगिऱ्याचे बारके गोळे. चिकटवायला डिंक आणि गव्हाच्या पिठाची खळ.

गुंडप्पांचा हात सुरेख होता. गोफण दांड्यापासून सुटते तिथं ती एकदम वळते, तो कोन त्यांनी फोटो शेजारी ठेवून कितीदा खोडला आणि कितीदा काढला. एकदा कुलसुमबी म्हणाली, "आता पुरे सर, कुणाला कळणार आहे?" तर ते म्हणाले, "तुम्हाला कळेल ना बाई." ही गोष्ट तिच्या मनात राहिली. ह्या गावात आपल्या कामाचं मोल जाणणारा एक माणूस भेटला, असं तिला वाटलं.

काम निम्म्यावर असताना संस्थेचे अध्यक्ष उत्तरेश्वर अण्णा बघायला आले. अण्णांची मोंढ्यात धान्याची अडत होती आणि संस्था त्यांच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी काढलेली. बरोबर हेडमास्तर बलभीम सर होते, छत्री धरल्यासारखे एक पाऊल मागं. अण्णांचं तोंड पानानं भरलेलं. त्यांनी फळीकडं पाहिलं, मान वर करून गुळणी सांभाळत विचारलं, "हे काय हाय?"

कुलसुमबीनं सांगितलं. अण्णा ऐकत होते की चघळत होते, कळत नव्हतं. मग ते खिडकीकडं गेले आणि बाहेर पिचकारी मारली. बाहेर मुलींनी निळा जोंधळा वाळत घातला होता. त्याच्यावर लाल शिंतोडे उडाले.

"बरं हाय," अण्णा धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाले. "पर ह्यात आपल्या संस्थेचं काय हाय? मुंबईहून शिक्षण खात्याचे सायेब येणार हायत. इमारतीचं आपलं काम अडलंय. त्यांनी बघितलं तर आपल्या शाळेचं कायतरी दिसाया नगं?"

"खाली पाटी लावू ना अण्णा," बलभीम सर म्हणाले.

"पाटी कोण वाचतंय!" अण्णा म्हणाले आणि निघून गेले.

शिंतोडे पडलेला जोंधळा कुलसुमबीनं सुपात भरून बाहेर फेकला. मुलींनी धुऊन घेऊ म्हटलं, पण तिनं हातही लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी नवा जोंधळा भिजवला.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी फळी अण्णांच्या ट्रकमधून पुढं गेली. बरोबर गुंडप्पा सर. कुलसुमबी मुलींना घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी बार्शीवरून एस.टी.नं धाराशिवला पोचली. मैदानात मांडव होता, शाळाशाळांची टेबलं होती, पाण्यावर चालणारी चाकं, धरणाची मातीची नक्कल, बेडकाचा सांगाडा. मुली पळतच आपल्या शाळेचा कोपरा शोधायला गेल्या, आणि थोड्या वेळानं द्वारका एकटीच परत आली. तिचं तोंड उतरलेलं होतं.

"बाई, आपल्या फळीला कायतरी केलंय."

आधी आला तो वास. ओल्या खळीवर ताडपत्री बांधून ट्रक उन्हातून आला असणार. खळ आंबली होती. आंबलेल्या पिठाचा, डिंकाचा, निळीचा तो आंबूस कुबट वास, आणि त्याच्यावर माशा.

मग तिनं फळी पाहिली.

दांडा गेला होता. डाळीचा एकही मूळ दाणा जागेवर नव्हता. दांड्याच्या जागी, मधोमध, चौकटीतला तात्यांचा फोटो खिळ्यांनी ठोकला होता, फेट्यातला, ताज्या झेंडूच्या हारातला. खरवडलेली तूर आणि मसूर त्याच्याभोवती देवाच्या प्रभावळीसारखी गोल चिकटवली होती. दोन्ही गोफणी हाराच्या खालून निघत होत्या. त्यांतला निळा जोंधळा जवळजवळ झाकला होता, एकीवर केशरी रंग मारला होता आणि दुसरीवर हिरवा. कोळशाच्या रेघा पुसून टाकल्या होत्या. बाहेरच्या गुच्छांच्या जागी नुसते डिंकाचे चिकट डाग होते.

"राजगिऱ्याचे गोळे कुठं गेले?" तिनं विचारलं. काय विचारावं हेच तिला सुचेना.

"हमालांनी खाल्ले," मागून गुंडप्पा म्हणाले. त्यांच्या बोटांना केशरी रंग होता.

कुलसुमबी तात्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. तो चेहरा तिला लहानपणापासून ठाऊक होता. ती सात-आठ वर्षांची असेल, टंचाईचं साल होतं, आणि तात्यांनी भाव वाढेल म्हणून जोंधळ्याचं जमिनीतलं पेव उघडलंच नव्हतं. उघडलं तेव्हा आतला जोंधळा कुजून काळा झालेला, वाफा निघत होत्या. वास सगळ्या गल्लीत भरला होता. तो माल ओढ्याकाठी ओतला, तर गावातल्या बाया सुपं घेऊन गेल्या, त्यातून काही निघतंय का बघायला. तिची अम्मी जमिलाबीही गेली होती. आणि तात्यांनी काय करावं, तर त्या कुजक्या ढिगावर राखण्या बसवला. अम्मीनं पदरात मूठभर दाणे आणलेच. तीनदा धुतले, शिजवले, आणि घरातल्या सगळ्यांनी ते ओकून टाकले. आता त्याच माणसाच्या तोंडाभोवती मुलींनी निवडलेली डाळ होती, आणि नाकात तोच आंबूस वास. पदर नाकाला लावून ती मांडवाच्या कनातीला धरून उभी राहिली.

"कुणी केलं हे?"

"अण्णांनी ट्रकमधे फोटो ठेवला होता," गुंडप्पा म्हणाले. "म्हणाले, उतरवलं की लगेच बसवा."

"मी विचारलं, कुणी केलं?"

गुंडप्पांनी केशरी बोटं पाठीमागं नेली. मग म्हणाले, "मी केलं, बाई. दुसऱ्या कुणी केलं असतं तर फळी फोडून ठेवली असती. मी निदान नीट केलं."

"नीट!" ती म्हणाली. "कोन मिळवायला तुम्ही किती दिवस घालवले, सर? त्याच हातानं हे खरवडलंत?"

"काळं तात्यांच्या तोंडाजवळ नको म्हणाले. अशुभ दिसतं म्हणाले."

"ती धूळ आहे. ती तिथं आहे म्हणून दाखवली होती."

"बाई, कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेला उजेड हा. तुम्हीच सांगता. त्याला काय फरक पडतोय?"

असं ते म्हणाले आणि जरासे हसले, ती पण हसेल म्हणून. तिला आता अण्णांपेक्षा ह्या माणसाचीच किळस वाटली. अण्णांना दांडा कळलाच नव्हता. ह्याला कळला होता. अंगावर पाल पडावी तशी ती मागं सरली, आणि त्यांचा केशरी हात तिच्याकडं येत होता तो तसाच हवेत राहिला.

तेवढ्यात साहेब आले. मागं अण्णा, बलभीम सर आणि आणखी लवाजमा. बलभीम सरांनी घसा साफ केला.

"साहेब, हे तारकाविश्वाचं चित्र. मध्यभागी सूर्याप्रमाणं आमचे संस्थापक, आणि त्यांच्यापासून ज्ञानाचे किरण दोन दिशांना जाताहेत. आमच्या विद्यार्थिनींनी एकेक दाणा वेचून केलंय."

"वा!" साहेब म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक माशी तात्यांच्या काचेवरून चालत गेली आणि हारात शिरली.

"आमच्या विज्ञानाच्या बाई," अण्णांनी तिच्याकडं बोट दाखवलं. "बोला की बाई दोन शब्द."

ती बोलायची नव्हती. अब्बांनी निघताना सांगितलं होतं, जितकं विचारतील तितकंच बोल. पण द्वारका आणि बाकीच्या मुली तिच्याकडं बघत होत्या.

"साहेब, हे तारकाविश्व नाही," ती म्हणाली. "असं तारकाविश्व आकाशात कुठंही नाही. मधे सूर्य नसतो. मधे ताऱ्यांचा दांडा असतो, आणि त्या दांड्यात म्हातारे तारे असतात, लाखो-कोट्यवधी, त्यांच्यापैकी कुणाचंच नाव कुणाला माहीत नाही. बाजूला जे दोन हात सुटतात ते दांड्याच्या टोकांपासून, कुणाच्या गळ्यातल्या हारातून नाही. ते निळे असतात, कारण तिथले तारे कोवळे आहेत. माझ्या मुलींनी ते निळे केले होते. ते पुसून हे केलं आहे. हे चित्र खोटं आहे."

तिला वाटलं, आता काहीतरी होईल, कुणी रागावेल, कुणी विचारेल. पण साहेब मोठ्यानं हसले. "छान! बाई तळमळीनं बोलतात. अशा शिक्षिका पाहिजेत," असं म्हणून ते पुढच्या टेबलाकडं, बेडकाच्या सांगाड्याकडं गेले. अण्णाही हसले. टाळ्या पुन्हा वाजल्या. तिनं काय सांगितलं हे कुणी ऐकलंच नव्हतं. नुसता एका बाईचा आवाज ऐकला होता.

आणि त्या फळीला दुसरं बक्षीस मिळालं.

बक्षीस घ्यायला तिचं नाव पुकारलं, तर ती जागची हलली नाही. शेवटी गुंडप्पा सर जाऊन कप घेऊन आले. एस.टी. स्टँडवर मुलींना त्या कपात पाणी प्यायचं होतं. तिनं त्यांना नळावर ओंजळीनं प्यायला लावलं.

सोमवारी बलभीम सरांनी तिला खोलीत बोलावलं. टेबलावर चहा होता, म्हणजे गोडीगुलाबीनं बोलायचं ठरलं होतं.

"कुलसुमबाई, अण्णा मोठ्या मनाचे. त्यांनी काही धरलं नाही. तुम्ही फक्त जाऊन चुकलं म्हणा."

"काय चुकलं?"

"हे बघा," त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्यासारख्यांनी ह्या गावात जरा जपून राहायला पाहिजे. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. तुमचे वडील म्हातारे. मागचे दिवस काय तुम्हाला सांगायला पाहिजेत?"

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या ओठावर बिस्किटाचा ओला चुरा होता. ते खरोखरच मायेनं बोलत होते, आणि तेच तिला सहन होईना. धमकी दिली असती तर ती भांडली असती. ही माया मात्र कुजक्या फळासारखी होती, बोट लावलं की आत जाणारी.

"चुकलं असं मी म्हणणार नाही, सर. पाहिजे तर काढून टाका."

काढून टाकणं त्यांना जमणार नव्हतं. विज्ञानाची पदवी असलेलं दुसरं माणूस परंड्यात यायला तयार नव्हतं, आणि त्याशिवाय शाळेला पुढची मान्यता नव्हती. हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. ती उठून निघून आली. चहा तसाच राहिला.

घरी तिनं अब्बांना सगळं सांगितलं, बलभीम सर काय म्हणाले तेही. महेबूबसाहेब बाजेवर बसून होते, न दिसणारे डोळे दाराकडं लावून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू ने सच बोली थी?"

"हौ, अब्बा."

"फिर माफी काय की?" ते म्हणाले. "नक्को मांगना."

त्यांनी तिला कधीच असं काही सांगितलं नव्हतं. ती भाकरी करायला बसली, पण जोंधळ्याच्या पिठात हात घालताच तो वास पुन्हा नाकात आला, आणि त्या दिवशी अब्बांना तिनं भातच घातला.

फळी शाळेच्या सभागृहात, व्यासपीठामागं टांगली गेली. गुंडप्पा सरांची नेमणूक कायम झाली. उन्हाळा गेला, दमट दिवस आले, आणि फळीला सोंडे लागले. आधी प्रार्थनेच्या वेळी एखादा किडा खाली पडायचा. मग तात्यांच्या हाराखालून भुगा झरू लागला. खाली उभ्या राहणाऱ्या मुलांच्या केसांत किडे जायचे, मुलं डोकी खाजवत प्रार्थना म्हणायची. एका सकाळी तात्यांच्या काचेच्या आतूनच पांढऱ्या अळ्या चढताना दिसल्या, थेट फेट्यापर्यंत. पहिल्या रांगेतली एक मुलगी तिथंच ओकली.

बलभीम सर धावत आले. "बाई, काहीतरी औषध सांगा. तुम्ही विज्ञानाच्या. तपासणी आहे पुढच्या आठवड्यात."

"फोटो काढा, धान्य खरवडा, फळी उन्हात ठेवा," कुलसुमबी म्हणाली. "मग मी आणि मुली नव्यानं करू. खरं तसं."

"फोटो कसा काढायचा? अण्णा काय म्हणतील!"

"मग राहू द्या किडे."

शेवटी गुंडप्पांनी सगळ्यावरून जाड व्हार्निश फासलं. किडे आतल्या आत मेले, जागच्या जागी चिकटले, दाण्यांसारखेच काळे-तपकिरी. लांबून बघणाऱ्याला कळत नव्हतं. जवळ गेल्यावर पाय दिसायचे.

त्याच संध्याकाळी गुंडप्पा सर तिच्या घरी आले. ते पहिल्यांदाच आले होते. बाहेरच्या ओट्यावर बसले, अब्बांना सलाम केला. तिनं पाणी दिलं, चहा दिला.

"बाई, मला बोला काहीतरी. रागवा तरी," ते म्हणाले. "स्टाफरूममधे तुम्ही माझ्याकडं बघत पण नाही. माझी आई आहे, दोन बहिणी आहेत उमरग्याला. नोकरी गेली असती तर मी कुठं जाणार होतो?"

"ते मला कळतं, सर."

"मग?"

ती थोडा वेळ शब्द शोधत राहिली. इथं विचारायला वर्ग नव्हता. "अण्णांनी सांगितलं आणि तुम्ही केलं, हे मी विसरले असते," ती शेवटी म्हणाली. "पण त्या दिवशी तुम्ही हसलात. उजेड जुना आहे, त्याला काय फरक पडतो, म्हणालात. मी शिकवलेलंच तुम्ही मला परत फेकून मारलंत. तुमच्या तोंडून आता दांडा शब्द ऐकला तरी मला मळमळतं. मी काय करू? मुद्दाम करत नाही."

गुंडप्पांनी कप खाली ठेवला. ते गेल्यावर तिनं तो कप राखेनं घासला, पुन्हा घासला, आणि तरी मांडणीवर उपडा न घालता वेगळा ठेवला. अब्बांनी आवाजावरून ओळखलं. "बस कर, बेटा," ते म्हणाले. "कप की क्या खता?" कपाचा दोष काहीच नव्हता; तिला स्वतःचीच लाज वाटली. पण तो कप तिनं नंतरही वापरला नाही.

पुढच्या वर्षी नववीचा नवा वर्ग आला. तारकाविश्वांचा धडा आला तेव्हा तिनं मुलींना ओळीनं सभागृहात नेलं. पडदे बाजूला केले, आपला फोटो पुठ्ठ्यातून काढून एका स्टुलावर उभा केला आणि त्या फळीकडं बोट दाखवलं.

"हा फोटो दुर्बिणीतून घेतलेला आहे. आणि ही फळी. फळीत काय काय चुकलं आहे ते सांगा. जवळ जाऊन बघा. नाक धरलं तरी चालेल."

मुली आधी बिचकल्या. मग एक म्हणाली, "मधी माणूस हाय, दांडा न्हाय." दुसरी म्हणाली, "ह्या बाजूचे तारे हिरवे कसं असतील?" तिसरीनं गोफणीचा कोन दाखवला. "हितं एकदम वळाया पायजे. हे नुसतं लोंबतंय." एकीनं विचारलं, "बाई, हे पाय कशाचे?" आणि सगळ्या किंचाळून मागं पळाल्या, मग हसल्या, मग पुन्हा पुढं आल्या.

आवाज ऐकून गुंडप्पा सर दाराशी येऊन उभे राहिले होते. कुलसुमबीनं त्यांना पाहिलं आणि ती पुन्हा मुलींकडं वळली.

"आणखी?" तिनं मुलींना विचारलं. मुलींचं सापडलं तेवढं सांगून झालं होतं.

"धूळ," दारातून गुंडप्पा म्हणाले. सगळ्या वळल्या. "दांड्याच्या अंगानं दोन काळ्या रेघा पाहिजेत. धुळीच्या. त्या पुसल्यात." ते थांबले. "मी पुसल्यात. आणि बाहेरचे गुच्छ पण नाहीत. म्हाताऱ्या ताऱ्यांचे."

मुली एकदा त्यांच्याकडं बघायच्या, एकदा बाईंकडं. कुलसुमबीला वाटलं, आता मनातलं काहीतरी सैल होईल. तसं काही झालं नाही. किळस जिथं होती तिथंच होती, व्हार्निशखालच्या किड्यासारखी. पण त्यांनी सांगितलेलं बरोबर होतं.

"बरोबर आहे सरांचं," ती मुलींना म्हणाली. "लिहून घ्या."

ही गोष्ट अण्णांच्या कानावर गेलीच. मुलींनी घरी जाऊन सांगितलं, घरच्यांनी मोंढ्यात. तात्यांच्या तोंडाभोवती किडे आहेत आणि शाळा ते पोरींना नाक धरून दाखवते, ही चर्चा अण्णांना झेपण्यासारखी नव्हती. आठवड्याच्या आत हमाल आले, फळी उतरवली आणि अडतीच्या मागच्या खोलीत नेऊन टाकली. बलभीम सर तिच्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलत.

सभागृहाच्या भिंतीवर फळीच्या आकाराचा एक चौकोन राहिला, बाजूच्या चुन्यापेक्षा पांढरा. गुंडप्पा सरांनी एकदा स्टाफरूममधे, तिच्याकडं न बघता पण तिला ऐकू जाईल अशा आवाजात, विचारलं की तिथं चुना मारायचा की खडूनं काही काढायचं. कुलसुमबी तपासायच्या वह्या उचलत होती.

"तिथं मुलीच काढतील," ती म्हणाली, आणि वर्गावर गेली.